फॉरेस्ट-सॅव्हाना मोझेक: मराठीत नेमकं काय लिहावं?

नकाशेवाली

आफ्रिकेच्या नकाशावर विषुववृत्तीय जंगलाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला 'फॉरेस्ट-सॅव्हाना मोझेक' नावाचा पट्टा दाखवतात, म्हणजे जंगलाचे आणि गवताचे तुकडे शेजारी शेजारी असलेला. अकरावी-बारावीच्या भूगोलासाठी त्या नकाशाची सूची मराठीत करायची आहे. आलेल्या एका मसुद्यात 'मिश्र वने' लिहिलंय, दुसऱ्यात 'संक्रमण प्रदेश'. सूचीत आणखी ही नावं आहेत: सेमी-डेसिड्युअस फॉरेस्ट, गॅलरी फॉरेस्ट, फॉरेस्ट आयलंड, वुडलँड, डिराइव्हड सॅव्हाना, बोवाल, डाम्बो. प्रत्येक रंगाच्या चौकोनापुढे दोन-तीन शब्दच मावतात. शिवाय सूचीचं शीर्षक 'वनस्पती प्रकार' आहे, तेही खटकतंय.

ऐन-किंजळ

'मिश्र वने' आधी खोडा. वनखात्याच्या बोलीत मिश्र म्हणजे एकाच जंगलात अनेक जातींची झाडं, सागासारख्या एकाच जातीचं राज्य नाही असं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं बरंचसं जंगल मिश्र पानझडी आहे. मोझेकमध्ये जातींची अशी सरमिसळ होत नाही. जंगलाचा तुकडा आतून पक्कं जंगल असतो, गवताचा तुकडा पक्कं गवत, आणि दोन्हीकडे सारख्या आढळणाऱ्या झाडांच्या जाती मोजक्याच.

'संक्रमण' चूक नाही, पण ते पट्ट्याचं नाव झालं. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक व्हाइट यांनी युनेस्कोसाठी केलेला आफ्रिकेचा वनस्पती-नकाशा 1983 सालचा. त्यात गिनी-काँगो आणि सुदान या दोन वनस्पती-प्रदेशांच्या (देशांच्या नव्हे) मधल्या विभागाला 'संक्रमण विभाग' म्हटलंय आणि त्या विभागात जमिनीवर जे उभं आहे त्याला 'मोझेक'. म्हणजे 'संक्रमण' आणि 'मोझेक' या दोन्ही शब्दांना काम आहे. विभागाला संक्रमण विभाग म्हणा, आच्छादनाला वेगळा शब्द द्या. शीर्षकातल्या 'वनस्पती प्रकार'वरून मुलांना आंबा, बाभूळ, निवडुंग असं वाटणार. 'वनस्पती-आच्छादनाचे प्रकार' करा. लांब आहे, पण शीर्षकाला जागा असते.

शीवकर

संक्रमणापेक्षा आपला 'शीव' का नको? शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट आणि साष्टीच्या हद्दीवरचं गाव म्हणून शीव, ज्याचं इंग्रजांनी सायन केलं. 'वनशीव' सुटसुटीत आहे, चौकोनात मावतो.

ऐन-किंजळ

शब्द चांगला आहे, पण शीव ही रेघ असते. इथे रेघ नाही, शेकडो किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे आणि त्यात जंगल-गवताच्या हजारो शिवा आहेत. 'वनशीव' फॉरेस्ट एजला, म्हणजे एका तुकड्याच्या कडेला द्या. तिथे तो फिट्ट बसतो. शाळेतल्या नकाशात सॅव्हाना सहसा एका रंगात आणि वर्षावन दुसऱ्या रंगात असतं, त्यामुळे मधे हळूहळू झाडं विरळ होत जातात असं डोक्यात बसतं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दहा-वीस पावलांत चित्र पालटतं. डोक्याएवढं गवत, मग झुडपं आणि वेलींची दाट भिंत, ती बाजूला सारून आत गेलं की अंधार, पालापाचोळा आणि गवताची काडीसुद्धा नाही. असं का होतं हे शब्द ठरवण्याआधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची सगळी नावं दिसण्यावरून पडतील.

तर कारण असं. या पट्ट्यातली उंच गवतं उन्हाची भुकेली असतात. जमिनीच्या एका चौरस मीटरवर झाडांची साधारण तीन चौरस मीटर पानं आली की सावलीत गवत मरतं. गवत मेलं की जळण संपलं, जळण संपलं की आग आत शिरत नाही, आग नाही म्हणून सावलीतली रोपं जगतात आणि जंगल टिकतं. उलट बाजूला गवत दरवर्षी वाळतं आणि पेटतं, कोवळी झाडं जमिनीलगत जळतात, सावली कधी जमतच नाही आणि गवत टिकतं. दोन्ही चक्रं स्वतःच स्वतःला पोसतात. मधली अवस्था अस्थिर असते. 2011 साली उपग्रहांच्या आकड्यांवरून झालेल्या अभ्यासांत हेच दिसलं. वर्षाला साधारण 1000 ते 2500 मिलिमीटर पाऊस आणि सात महिन्यांपेक्षा कमी कोरडा काळ असेल, तर तेवढ्याच पावसात सॅव्हानाही सापडतो आणि जंगलही. पण पन्नास-साठ टक्के झाडोरा असलेली जमीन मात्र क्वचित.

भूगोलवाले सर

याला जोडून एक. मुलं उत्तरात 'पाऊस कमी होत जातो म्हणून जंगल संपून गवत सुरू होते' असं लिहितात आणि त्यांना मार्कही मिळतात. त्यांना सांताक्रूझचा आकडा दाखवावा. वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे काँगो खोऱ्यातल्या बऱ्याच वर्षावनांहून जास्त. तरी आपलं जंगल पानझडी, कारण जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये आणि पुढचे आठ महिने ठणठणाट. पाऊस किती यापेक्षा कोरडे महिने किती हे आधी विचारायला हवं.

शुद्धलेखनी

लेखनाबद्दल दोन गोष्टी. 'मोझेक' आणि 'मोझॅक' दोन्ही चालतात, पण मुंबईच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्याला 'मोझॅक' म्हटलं की लादीच दिसते. अर्थ त्यातूनच आलेला असल्याने ते बरंच आहे.

'सॅव्हाना'चं सामान्यरूप करू नका. घोडा-घोड्यात च्या चालीवर 'सॅव्हान्यात' किंवा शाळा-शाळेत च्या चालीवर 'सॅव्हानेत' दोन्ही कानाला टोचतात. 'सॅव्हानात', 'सॅव्हानाचा' असं जसंच्या तसं ठेवावं, किंवा 'सॅव्हाना प्रदेशात' म्हणून सुटका करून घ्यावी. जुन्या पाठ्यपुस्तकांत 'सुदान प्रदेश' होता. आता सुदान हे देशाचं नाव म्हणूनच कळतं, तेव्हा नको.

गवत्या

सॅव्हाना तसाच ठेवणार असाल तर ठीक, पण माझं मत 'माळरान'ला. आपला शब्द असताना कॅरिबियन बेटांवरून आलेला कशाला? सॅव्हाना हा टायनो लोकांचा शब्द, स्पॅनिशांनी उचलला, तिथून जगभर गेला. त्याचा मूळ अर्थही झाडं नसलेलं सपाट मैदान, म्हणजे माळच.

ऐन-किंजळ

माळरान म्हटलं की सोलापूरजवळचं नान्नज डोळ्यांपुढे येतं. माळढोक, गुडघ्याएवढी कुसळी, मुरमाड उथळ जमीन, पर्जन्यछायेतला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. तोही सॅव्हानाच आहे, पण कोरड्या टोकाचा. ज्या पट्ट्याबद्दल आपण बोलतोय तिथे पाऊस त्याच्या दुप्पट-अडीचपट आणि गवत माणूस बुडेल एवढं. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या मोझेकमध्ये हत्तीगवत आहे, तेच जे आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी नेपियर म्हणून लावतात. त्याला माळ म्हणणं पटणार नाही. 1956 साली काँगोतल्या यांगांबीत झालेल्या बैठकीत सॅव्हानाची जी व्याख्या ठरली, तिच्यात गवताची उंची किमान 80 सेंटिमीटर, थर सलग आणि सहसा दरवर्षी जळणारा अशा अटी होत्या. कुसळीचं माळरान त्या व्याख्येत बसणं कठीण.

'कुरण' आणि 'गायरान' तर नकोतच. कुरण म्हणजे राखलेलं गवत, कापणीसाठी किंवा चराईसाठी. गायरान ही महसुली दप्तरातली नोंद आहे. तिथे गवताऐवजी नुसते दगड असले तरी ते गायरानच.

सातबारा

महसुली शब्दांचा विषय निघालाच आहे तर झुडपांच्या दाटीला चुकूनही 'झुडपी जंगल' लिहू नका. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ती कायदेशीर वर्गवारी आहे आणि 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वनजमीन मानायच्या असा निकाल दिला. नुसतं 'दाट झुडपं' किंवा 'झुडपांची जाळी' म्हणा.

ऐन-किंजळ

असाच घोटाळा वुडलँडमध्ये होणार आहे. कोणीतरी 'खुले वन' किंवा 'विरळ वन' सुचवेल. व्हाइट यांच्या व्याख्येत वुडलँड म्हणजे किमान 8 मीटर उंच झाडं, छत्र (वरून झाडांनी झाकलेली जमीन) 40 टक्के किंवा जास्त, खाली गवत. 10 ते 40 टक्के छत्र असलं की त्याला ते 'झाडं असलेला गवताळ प्रदेश' म्हणतात, 10 च्या खाली नुसता गवताळ प्रदेश. आपल्या भारतीय वन सर्वेक्षणाची मोजपट्टी वेगळी: 70 टक्क्यांच्या वर अतिघनदाट, 40 ते 70 मध्यम घनदाट, 10 ते 40 खुलं वन. म्हणजे वुडलँडला 'खुले वन' लिहिलंत की बातम्यांमध्ये वनअहवाल वाचणारा माणूस बरोबर खालच्या खणात जाऊन बसतो. आणि ज्याला व्हाइट झाडं असलेला गवताळ प्रदेश म्हणतात ते आपल्याकडे वन म्हणून मोजलं जातं. मग तिथे 'वन सुधारायला' झाडं लावण्याचे कार्यक्रम होतात आणि गवत संपतं. हा नुसत्या शब्दांचा खेळ राहत नाही.

वुडलँडला 'गवताळ वन' म्हणा. छत्र आहे आणि खाली गवतही आहे, हे दोन्ही त्यात येतं.

काठावरची

गॅलरी फॉरेस्टवर कोणी बोललं नाही. 'गॅलरी वन' लिहिलं तर मुंबईत लोकांना कुंड्यांची बाग वाटेल.

ऐन-किंजळ

वाटेलच. काही जण 'नदीकाठचे वन' लिहितात, पण ते रायपेरियन फॉरेस्टचं मराठी झालं. नदीकाठचं जंगल घनदाट अरण्याच्या आतही असू शकतं. गॅलरी म्हणण्यासाठी दोन्ही अंगांना मोकळं गवत आणि मधून ओढ्याच्या बाजूने जाणारी जंगलाची पट्टी हवी. ब्राझीलचे लोक आणखी बारकाईने बोलतात. ओहोळ अरुंद असून दोन्ही काठांची झाडं वर एकमेकांना भिडली आणि पाण्यावर बोगदा झाला तर 'माता दे गालेरिया'. नदी रुंद असल्यामुळे छत्र जुळलं नाही तर 'माता सिलियार'. गॅलरी हा शब्द त्या बोगद्यावरून समजून घ्यावा.

ही पट्टी टिकते कशी? कोरड्या महिन्यांतही मुळांना ओल मिळते, आणि काठावरची ओली जमीन व सावली आगीला थोपवते. ओढा आटवला, वरच्या अंगाला बांध घालून पाणी वळवलं किंवा काठची झुडपं तोडून कडा उघडी केली की आग दरवर्षी थोडी थोडी आत सरकते आणि पट्टी अरुंद होत जाते. 'ओढ्याची राई' सुचवतो. सह्याद्रीत उघड्या डोंगरउतारावरून पाहिलं तर घळीतून उतरणारी जांभूळ-आंबा-उंबराची हिरवी रेघ दिसते, ती हीच.

काठावरची

'काठराई' कसं? एका शब्दात होतं.

शुद्धलेखनी

समास बरोबर आहे आणि आमराई-देवराईच्या चालीवर पटकन कळतो. नुसतं 'राई' मात्र टाळा. मुंबईच्या निम्म्या स्वयंपाकघरांत राई म्हणजे मोहरी.

गवत्या

मग फॉरेस्ट आयलंडला 'वनबेट'? बांबूचं बेट म्हणतोच आपण, तिथे पाण्याचा संबंध नसतो.

ऐन-किंजळ

वनबेट एकदम पसंत. ब्राझीलमध्ये याला 'कापाऊँ' म्हणतात, तुपी भाषेतल्या 'गोल रान' अशा अर्थाच्या शब्दावरून. आफ्रिकेतल्या वनबेटांची गोष्ट थोडी सांगतो, कारण तुमच्या सूचीतला 'डिराइव्हड' शब्द तिच्यात अडकलाय.

गिनी देशातल्या किसिदुगु भागात जवळजवळ प्रत्येक गावाभोवती उंच झाडांचं एक कडं आहे आणि बाहेर सॅव्हाना. पूर्वी सगळीकडे जंगल होतं, लोकांनी तोडून-जाळून संपवलं, गावाजवळचा तुकडा तेवढा उरला, असं सरकारी अधिकारी आणि तज्ज्ञ दशकानुदशकं मानत आले. 1990 च्या दशकात जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच या मानवशास्त्रज्ञांनी 1952 ची हवाई छायाचित्रं, जुने कागद आणि गावातल्या वृद्धांच्या आठवणी शेजारी ठेवून पाहिल्या. चित्र उलटं निघालं. बेटं गावांनी वाढवली होती. कृती साधी होती. गावाच्या कडेला गुरं बांधायची, त्यामुळे गवत खुरटतं आणि आग गावापर्यंत येत नाही. घरचा केरकचरा, राख, शेण त्याच जागी पडतं, परसबागेने माती भुसभुशीत होते. मग उपयोगाची झाडं लावायची, बाकीची आपोआप येतात. सावली, फळं, आगीपासून बचाव आणि पूर्वी शत्रूपासूनही, असे त्याचे फायदे.

'डिराइव्हड सॅव्हाना' म्हणजे जंगल तुटून-जळून झालेला सॅव्हाना. नायजेरियाच्या नकाशांवर या नावाचा अख्खा पट्टा असतो, आणि तिथे पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. पण या नावात आरोप आधीच केलेला आहे. म्हणून मराठीत 'मानवनिर्मित सॅव्हाना' लिहू नका, तो आरोप आणखी घट्ट होतो.

शुद्धलेखनी

व्याकरणात डिराइव्हडला 'साधित' म्हणतात. साधित शब्द, साधित धातू. 'साधित सॅव्हाना' शब्दाला शब्द बरोबर आहे, पण बारावीच्या मुलांना प्रत्यय-उपसर्ग आठवतील.

भूगोलवाले सर

'वनोत्तर सॅव्हाना'? वनानंतरचा एवढंच म्हणतो, कोणी केलं ते सांगत नाही.

ऐन-किंजळ

चालेल. हाच घ्या.

गवत्या

आगीसाठी 'वणवा' लिहायचं का? तिकडची आग दरवर्षीची आणि बऱ्याचदा लावलेली असते म्हणता.

ऐन-किंजळ

वणवा म्हणजे हाताबाहेर गेलेली आग, त्यात नुकसान गृहीत आहे. तिथल्या नेहमीच्या आगीला 'गवत जाळणे' पुरे. आपल्याकडेही राब भाजणाऱ्याला कोणी वणवा लावला म्हणत नाही. पण जाळण्याची वेळ मात्र लिहा, कारण सगळं तिच्यावर आहे. पश्चिम आफ्रिकेत पावसाळा संपल्या संपल्या जाळलं तर गवतात ओल असते, आग बुटकी आणि संथ, झाडं वाचतात. कोरड्या ऋतूच्या शेवटी जाळलं तर सगळं खडखडीत वाळलेलं, आग उंच चढते आणि रोपं जातात. कोत दिव्वारमध्ये बुआकेजवळ कोकोंदेक्रो इथे 1936 पासून याची चाचणी झाली. एक तुकडा दरवर्षी लवकर जाळायचा, एक उशिरा, एक अजिबात नाही. न जाळलेला तुकडा जंगलासारखा दाट झाला, उशिरा जाळलेल्यात झाडं घटून गवत वरचढ झालं, लवकर जाळलेला दोन्हींच्या मधे. माती तीच, पाऊस तोच.

त्याच देशात लामतो नावाची जागा आहे, तिथला सॅव्हाना ताडांचा. आपल्या गोराई-वसईच्या ताडाचा सख्खा भाऊ, एकाच वंशातला. ताडाचा वाढता कोंब खोडाच्या टोकाला उंच असतो आणि गवताची आग तिथवर पोचत नाही, म्हणून मोठा ताड दरवर्षीच्या आगीत उभा राहतो. कुंभा, ऐन, पळस हेही आगीतून तगतात, पण ते जाड सालीच्या आणि बुंध्यातून पुन्हा फुटण्याच्या जोरावर.

सातबारा

बोवाल म्हणजे सडाच ना? जांभ्याचं सपाट पठार.

ऐन-किंजळ

हो, इतका तंतोतंत जोडीचा शब्द दुसऱ्या कुठल्याच नावाला मिळणार नाही. बोवाल हा पश्चिम आफ्रिकेतल्या फुला भाषेतला शब्द, अनेकवचन बोवे. जांभ्याचं कठीण कवच, वर वितीपेक्षाही कमी माती, पावसाळ्यात पाणी साचतं आणि नंतर तापून भाजतं, म्हणून झाड धरत नाही. कास आणि रत्नागिरीचे सडे असेच. कास तर चांगला पावसाचा, तरी झाड नाही, कारण मुळांना खोलीच नाही. इथे आग थांबवून, कुंपण घालून काही होणार नाही. फक्त नुसतं 'सडा' लिहू नका, वाचणाऱ्याला अंगणातला शेणसडा किंवा प्राजक्ताचा सडा आठवेल. 'जांभ्याचा सडा' लिहा.

डाम्बो उलट्या कारणाने उघडा असतो. झांबिया-मलावीकडे उथळ, पसरट खोलगट भाग, पावसाळाभर पाणी तुंबलेलं. जमिनीला वाफसा येत नाही, मुळं गुदमरतात, म्हणून गवत आहे पण झाडं कडेलाच थांबतात. 'दलदल' नको, कारण कोरड्या ऋतूत तिथे चालता येतं. 'खाजण' मुळीच नको, ते खाऱ्या पाण्याचं. 'पाणथळ गवताळ' बरं वाटतं.

काठावरची

सेमी-डेसिड्युअस राहिलं. 'निमसदाहरित'?

ऐन-किंजळ

नको, तो सेमी-एव्हरग्रीनसाठी रुळलाय. इथे वरच्या थरातली बरीचशी झाडं कोरड्या ऋतूत निष्पर्ण होतात आणि खालचा थर हिरवा राहतो. 'निमपानझडी' लिहा. 'पर्णपाती' हिंदीतून आलेलं आहे, ते टाळा.

नकाशेवाली

मग मुख्य पट्ट्याला? आणि घाना ते बेनिन या भागात जंगलाचा पट्टा तुटून सॅव्हाना थेट समुद्राला भिडतो, त्या 'डाहोमे गॅप'ला मसुद्यात 'डाहोमे खिंड' लिहिलंय.

भूगोलवाले सर

खिंड डोंगरात असते. 'खंड' लिहाल तर मुलं आफ्रिकेखेरीज आणखी एक खंड समजतील. 'डाहोमेची मोकळी पट्टी' करा आणि तळटीपेत डाहोमे म्हणजे आजचं बेनिन, 1975 पासून, असं द्या.

ऐन-किंजळ

मुख्य नाव 'वन-सॅव्हाना मोझेक' ठेवा. मधली आडवी रेघ विसरू नका आणि क्रमही उलटा करू नका. 'सॅव्हाना वन' झालं की तो वनाचाच एक प्रकार वाटतो. चौकोनात एक रंग भरण्याऐवजी गवताच्या रंगावर जंगलाच्या रंगाचे ठिपके आणि बारीक रेघा टाका: ठिपके वनबेटांचे, रेघा काठराईच्या. छापताना रेघ फार बारीक ठेवली तर झेरॉक्समध्ये उडून जाते, आणि बहुतेक मुलांच्या हाती झेरॉक्सच पडणार आहे.